महागाईचा अहवाल आणि रिझर्व्ह बँकेची स्वायत्तता

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला एक अहवाल पाठवला. असा अहवाल पाठवण्याची वेळ बँकेवर प्रथमच आली होती. २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या रिझर्व्ह बँक कायद्यानुसार किरकोळ महागाईची सरासरी सलग तीन तिमाही दोन ते सहा टक्क्यांच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर राहिली, तर बँक उद्दिष्ट गाठण्यात अपयशी ठरली असे मानले जाते, आणि मग तिला तीन गोष्टी लेखी द्याव्या लागतात: अपयश का आले, त्यावर कोणते उपाय योजणार आणि महागाई पुन्हा उद्दिष्टावर यायला किती काळ लागेल. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या तिन्ही तिमाहींत ही सरासरी सहा टक्क्यांच्या वर होती. ३ नोव्हेंबरला बँकेचा व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची खास बैठक झाली, अहवाल दिल्लीला गेला आणि त्यातील मजकूर प्रसिद्ध झाला नाही. तो आपण परस्पर जाहीर करू शकत नाही, मात्र तो कायमचा गुप्तही राहणार नाही, असे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितले होते. पुढे संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा, असा अहवाल जाहीर करण्याची तरतूदच कायद्यात नाही, असे सरकारने उत्तर दिले.

उत्तर कायद्याला धरून होते. कायद्यात खरोखरच तशी तरतूद नाही, आणि मनाईही नाही. परंतु हा अहवाल ज्याच्या हाती पडतो तो कोण आहे, याचा विचार केला की या मौनाचे गांभीर्य लक्षात येते. केंद्र सरकार हे देशातील सर्वांत मोठे कर्जदार आहे. महागाई वाढली की जुन्या कर्जाचा खरा भार हलका होतो, वस्तूंच्या वाढलेल्या किमतींवरील कराचे उत्पन्न फुगते आणि तुटीचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण कागदावर बरे दिसू लागते. याउलट ठेवीदार, निवृत्तिवेतनधारक, महागाई भत्ता न मिळणारा कंत्राटी कामगार आणि रोजंदारीवर जगणारा माणूस यांचे त्याच महागाईने थेट नुकसान होते. म्हणजे महागाई आटोक्यात का राहिली नाही याचा खुलासा ज्याला राग येण्याचे कारण सर्वांत कमी त्यालाच द्यायचा, आणि ज्यांनी तिची किंमत मोजली त्यांना तो वाचायलाही मिळू नये, अशी ही रचना आहे. रिझर्व्ह बँकेच्या स्वायत्ततेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा गव्हर्नर आणि अर्थमंत्री यांच्यातील खटक्यांभोवती फिरते. मला स्वायत्ततेची कसोटी वेगळी वाटते. निवडून न आलेल्या मंडळींच्या हाती आपण एवढा मोठा अधिकार देतो, तो त्यांनी जनतेसमोर कारणे मांडावीत या अटीवरच देता येतो, आणि ही अट आपल्या कायद्यात अर्धवट लिहिली गेली आहे.

मुळात हा अधिकार सरकारपासून वेगळा का ठेवायचा, याचे उत्तर आपल्याच आर्थिक इतिहासात आहे. १९५५ मध्ये झालेल्या एका व्यवस्थेनुसार केंद्र सरकारची रिझर्व्ह बँकेकडील शिल्लक ठराविक मर्यादेखाली गेली की सरकारच्या नावाने तदर्थ ट्रेझरी बिले (अल्पमुदतीचे कर्जरोखे) आपोआप निघत, बँक ती स्वतःकडे घेई आणि सरकारच्या खात्यात तेवढे पैसे जमा होत. तात्पुरती गरज भागवण्यासाठी केलेली ही सोय चार दशके चालली. सरकारने खर्च करायचा, तूट पडली की बँकेने नवा पैसा निर्माण करून ती भरायची, आणि मग त्याच बँकेने महागाई रोखण्यासाठी व्यापारी बँकांचे हात बांधायचे, असा तो उफराटा कारभार होता. डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री आणि डॉ. सी. रंगराजन गव्हर्नर असताना सप्टेंबर १९९४ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून तिची जागा मर्यादित स्वरूपाच्या अल्पमुदतीच्या उचलीने घेतली. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने, अपवादात्मक परिस्थिती सोडून, रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट सरकारकडून विकत घेणे २००६ पासून थांबवले. १९९१ च्या सुधारणांवर आपण भरभरून लिहितो, त्यात सोने गहाण ठेवल्याची आठवण हमखास निघते. तदर्थ बिलांच्या अंताविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. माझ्या मते सामान्य माणसाच्या खिशातील रुपयाच्या दृष्टीने तो निर्णय त्या दशकातील कोणत्याही निर्णयाइतकाच मोलाचा होता.

सरकारच्या हाती चलनाची कळ असू नये हा विचार तर बँकेच्या स्थापनेहूनही जुना आहे. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या चलनव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली होती. चलन किती काढायचे हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये आणि रुपयाचा सोन्याशी असलेला भाव स्थिर ठेवण्यापेक्षा त्याची खरेदीशक्ती स्थिर राहण्याला महत्त्व द्यावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. याच आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी भागधारकांच्या मालकीची रिझर्व्ह बँक सुरू झाली. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांचे विनिमयदर आणि व्याजदर या दोन्ही प्रश्नांवर सरकारशी बिनसले आणि मुदत संपण्याआधीच, १९३७ मध्ये, ते पायउतार झाले. खटके उडण्याची परंपरा अशी पहिल्या गव्हर्नरापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला मोठा खटका एका अशा घटनेशी जोडलेला आहे, जी मराठी वाचकाला वेगळ्या कारणासाठी तोंडपाठ असते. चिंतामणराव देशमुख हे बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात कोरले गेले आहे. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. त्यांनी व्यापारी हुंड्यांवरील मुद्रांक शुल्क वाढवले, त्यामुळे बँकेने ठरवलेल्या दराला हात न लावताही बाजारातील व्याजदर वर गेला, आणि हा आपल्या अधिकारावरील अतिक्रमणाचा प्रकार आहे असे गव्हर्नर सर बेनेगल रामा राव यांना वाटले. पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली. बँकेने सल्ला जरूर द्यावा, पण ती सरकारच्याच व्यापक कारभाराचा भाग आहे, असा त्यांचा सूर होता. जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला. नियोजनाच्या त्या काळात नेहरूंची भूमिका अनाकलनीय नव्हती, परंतु तिच्यामुळे एक पायंडा पडला: बँकेची स्वायत्तता ही गव्हर्नराच्या स्वभावावर आणि अर्थमंत्र्याच्या सहनशीलतेवर अवलंबून राहिली. चांगली माणसे लाभली तेव्हा ती टिकली, नाही लाभली तेव्हा आक्रसली.

हे व्यक्तिनिष्ठ स्वरूप बदलण्याचा गंभीर प्रयत्न २०१६ मध्ये झाला, आणि त्याचे श्रेय तो करणाऱ्या सरकारला दिलेच पाहिजे. रघुराम राजन गव्हर्नर असताना ऊर्जित पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार आणि बँक यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कायद्यात बदल झाला. किरकोळ महागाई चार टक्के, वर-खाली दोन टक्क्यांची मुभा, हे उद्दिष्ट सरकारने ठरवायचे. ते गाठण्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे पैसे देते तो दर, किती असावा हे सहा जणांच्या समितीने बहुमताने ठरवायचे. सहांपैकी तीन बँकेचे, तीन सरकारने नेमलेले बाहेरचे, आणि मते समसमान झाली तर गव्हर्नरांचे निर्णायक मत. प्रत्येक सदस्याने आपले मत कारणांसह लिहायचे आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करायचे. जयंत वर्मा आणि आशिमा गोयल यांनी २०२४ मध्ये दरकपातीच्या बाजूने दिलेली विरोधी मते आणि त्यामागची कारणे आज कोणालाही वाचता येतात. दर सहा टक्के असावा की साडेसहा, यावर मतभेद असू शकतात. तो का ठरला याचा लेखी माग सार्वजनिक आहे, हेच या व्यवस्थेचे बळ आहे. म्हणूनच दरमहा नसले तरी दर दोन महिन्यांनी आपली कारणे चव्हाट्यावर मांडणारी समिती अपयशाचा अहवाल मात्र बंद पाकिटात देते, ही विसंगती अधिकच खटकते. (जाता जाता नोंदवायचे तर, पहिल्या बाहेरच्या सदस्यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली तेव्हा सरकारने नव्या नेमणुका वेळेवर केल्या नाहीत आणि ऐन महासाथीत समितीची बैठक पुढे ढकलावी लागली. बँकेच्या कारभारात अडथळा आणायला दरवेळी भांडणच लागते असे नाही, साधी दिरंगाईही पुरते.)

रेपो दराची झळ कोणाला कशी लागते, हे इथे मांडायला हवे, कारण त्याशिवाय हा सगळा वाद दोन कार्यालयांमधला वाटतो. मे २०२० पासून रेपो दर चार टक्के होता. ४ मे २०२२ रोजी अचानक घेतलेल्या निर्णयाने तो ४.४० टक्के झाला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले असल्याने ही वाढ कर्जदारापर्यंत थेट पोहोचली. वीस वर्षांच्या तीस लाखांच्या कर्जाचा दर सात टक्क्यांवरून साडेनऊ टक्के झाला, तर हप्ता सुमारे २३,२५० रुपयांवरून २७,९५० रुपयांच्या आसपास जातो. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तेव्हा कर्जदाराला भार दिसला नाही इतकेच, तो पुढच्या वर्षांवर गेला. त्याआधीच्या दोन वर्षांत भार ठेवीदाराने वाहिला होता. २०२०-२१ मध्ये महागाईची सरासरी सहा टक्क्यांच्या वर होती आणि मोठ्या सरकारी बँकेत वर्षभराच्या ठेवीवर सुमारे पाच टक्के व्याज मिळत होते. व्याजावर घर चालवणाऱ्या निवृत्त माणसाची मुद्दल अशी दरवर्षी झिजत होती, आणि त्यावर प्राप्तिकरही लागत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

महासाथीत व्याजदर कमी ठेवण्याचा निर्णय चुकीचा होता, असे माझे म्हणणे नाही. उद्योग बंद पडले असताना दर वाढवणे क्रूरपणाचे झाले असते. परंतु त्या वर्षीही महागाई दीर्घकाळ सहा टक्क्यांच्या वर होती आणि तरी अपयशाचा अहवाल लिहिण्याची वेळ आली नाही, कारण टाळेबंदीत एप्रिल आणि मे महिन्यांचे भाव प्रत्यक्ष गोळा करता आले नव्हते, ते आकडे अंदाजाने भरलेले होते, आणि समितीने ते हिशेबातून बाजूला ठेवले. कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. तथापि अपयश मोजायचे कसे हे ज्याचे अपयश मोजायचे त्यानेच ठरवावे आणि देशाला ते जेमतेम कळावे, हे बरे नाही. बँकेने तेव्हा सरळ अहवाल लिहून ‘वाढीला प्राधान्य दिले, म्हणून महागाई सोसली’ असे जाहीर सांगितले असते, तर त्यात कमीपणा नव्हता. ज्यांनी सोसली त्यांना निदान कळले असते की हे जाणूनबुजून केले गेले.

कायदा झाला त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, कागदावरची स्वायत्तता किती पातळ असू शकते हेही दिसले. नोटा रद्द करण्यासाठी कायद्याने बँकेच्या केंद्रीय मंडळाची शिफारस लागते. सरकारने आदल्या दिवशी बँकेला पत्र पाठवले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाची बैठक झाली आणि काही तासांत घोषणा झाली. काळा पैसा प्रामुख्याने रोखीत नसून सोने आणि स्थावर मालमत्तेत आहे, अशी नोंद त्याच बैठकीच्या इतिवृत्तात आहे आणि तरीही मंडळाने शिफारस केली. हे इतिवृत्त जनतेला माहितीच्या अधिकारातून २०१९ मध्ये मिळाले. दरम्यान रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा परत आल्याचे बँकेनेच जाहीर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती प्रक्रिया वैध ठरवली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात बँकेने स्वतंत्रपणे विचार केल्याचे कागदपत्रांतून दिसत नाही, असे नोंदवले. बहुमताचा निकाल हाच कायदा, हे मान्य आहे. पण ते इतिवृत्त त्याच आठवड्यात प्रसिद्ध करणे बंधनकारक असते, तर मंडळातील सदस्यांनी शिफारशीवर सही करण्याआधी आणखी चार प्रश्न विचारले असते, असे मला वाटते. उद्या आपले शब्द लोक वाचणार आहेत ही जाणीव माणसाला जरा सावध करते.

याच्या उलट उदाहरणही याच बँकेच्या अलीकडच्या इतिहासात आहे. २०१८ मध्ये बँकेकडील राखीव निधी किती असावा आणि त्यातून सरकारला किती मिळावे यावरून वाद पेटला. जनहितार्थ बँकेला निर्देश देण्याचा सरकारचा अधिकार कायद्याच्या सातव्या कलमात आहे. तो कधीही प्रत्यक्ष वापरला गेलेला नसताना त्याखाली सल्लामसलत सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. मध्यवर्ती बँकेच्या स्वातंत्र्याचा मान न राखणाऱ्या सरकारांना बाजाराचा रोष सोसावा लागतो, असा इशारा उपगव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईतील एका व्याख्यानात अर्जेंटिनाचा दाखला देऊन दिला. १० डिसेंबरला ऊर्जित पटेल यांनी राजीनामा दिला. पुढे बिमल जालान यांच्या समितीने २०१९ मध्ये जोखमीसाठी ताळेबंदाच्या किती टक्के राखीव ठेवायचे याचे सूत्र दिले, ते प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून दरवर्षी शिल्लक त्या सूत्राने ठरते. त्या वर्षी १.७६ लाख कोटी रुपये सरकारला गेले तेव्हा टीका झाली. २०२४-२५ साठी तर २.६९ लाख कोटी गेले, आणि तरीही तसा गदारोळ झाला नाही, कारण त्याच वेळी राखीव प्रमाण साडेसात टक्क्यांपर्यंत वाढवल्याचेही सर्वांना दिसत होते. रक्कम वाढूनही भांडण कमी झाले. सूत्र उघड असले की संशयाला जागा उरत नाही, हे बँकेने आणि सरकारने दोघांनीही इथे अनुभवले आहे.

मध्यवर्ती बँक पूर्णपणे सत्ताधाऱ्याच्या मुठीत गेली की काय होते, हे पाहायला तुर्कस्तान पुरेसे आहे. २०१९ ते २०२१ या काळात अध्यक्ष एर्दोआन यांनी तीन गव्हर्नर हटवले. चढ्या व्याजदरानेच महागाई वाढते, हे त्यांचे मत. महागाई चढत असताना धोरणदर १९ टक्क्यांवरून उतरवत नेला गेला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर पोहोचली. नंतर तोच दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. आपली स्थिती याच्या जवळपासही नाही.

स्वायत्ततेवर घेतला जाणारा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. निवडून न आलेल्या सहा जणांनी कोट्यवधी लोकांच्या हप्त्यांचा आणि रोजगाराचा निर्णय का घ्यावा, हा प्रश्न लोकशाहीवाद्याने विचारलाच पाहिजे. त्यातच आपल्या जुन्या मालिकेच्या महागाई निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेये यांचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता, आणि रेपो दर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. जुलै २०२३ मध्ये भाज्या कडाडल्या तेव्हा महागाई ७.४४ टक्के झाली. त्यावर गृहकर्ज महाग करणे हा उपाय नव्हता, आणि बँकेने तो केलाही नाही. खाद्यपदार्थ वगळून उद्दिष्ट ठेवावे, अशी सूचना २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात झाली ती यामुळेच. ती मला पटत नाही. ज्या देशात गरीब कुटुंबाच्या खर्चाचा मोठा हिस्सा ताटावर जातो, तिथे ताट वगळून मोजलेली महागाई ही बँकेच्या सोयीची महागाई ठरेल. मात्र या सूचनेमागील अडचण खरी आहे: उद्दिष्ट बँकेचे, पण ते गाठण्याची निम्मी साधने सरकारच्या हाती.

आणि ही साधने कशी वापरली जातात, हे नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाइतके कोणाला ठाऊक नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली तेव्हा शुल्क कायम होते, आणि शुल्क पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडले. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. शहरातील ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे उद्दिष्ट गैर नाही, परंतु महागाई चार टक्क्यांकडे आणण्याच्या राष्ट्रीय कामाचा एवढा मोठा वाटा एका जिल्ह्यातील शेतकऱ्याने विनामोबदला उचलला, याची नोंद कुठेही नाही. २०२२ मध्येही असेच घडले होते. युक्रेनमधील युद्धामुळे तेल आणि खाद्यतेल महागले, मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली, पेट्रोल-डिझेलवरील अबकारी कर कमी केला. महागाईत युद्धाचा वाटा किती, करांचा किती, उशिरा वाढवलेल्या व्याजदराचा किती, याचा हिशेब त्या बंद अहवालात असायला हवा. मला शंका येते ती इथेच: तो हिशेब बँकेलाही अवघड होता आणि सरकारलाही, म्हणून मौन दोघांच्याही सोयीचे ठरले.

जाहीर खुलाशाची गरज व्याजदरापुरती नाही, हे महाराष्ट्राला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने शिकवले. देशातील नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी या बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे हजारो बनावट खात्यांखाली लपवलेली होती आणि वर्षानुवर्षे तपासणी होऊनही ती उघड झाली नव्हती. बँकांचे तपासणी अहवाल माहितीच्या अधिकाराखाली द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्येच दिला होता आणि त्याचे पालन होत नाही म्हणून एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे हे प्रकरण फुटण्याच्या काही महिने आधी, रिझर्व्ह बँकेला फटकारलेही होते. त्यानंतर ठेवविमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला, सहकारी बँकांवरील अधिकार वाढवून घेण्यात आले, आणि या गोष्टी चांगल्याच झाल्या. पण अधिकार मागताना रिझर्व्ह बँक जितकी तत्पर असते तितकी ते कसे वापरले हे सांगताना नसते. तपासणी अहवाल सरसकट उघड केले तर एखाद्या धडधाकट बँकेवरही ठेवीदारांची झुंबड उडेल, ही बँकेची भीती अवास्तव नाही. परंतु बँक बुडाल्यानंतर, देखरेखीत कोणत्या टप्प्यावर काय निसटले याचा अहवाल प्रसिद्ध करायला ही भीती आड येत नाही.

महागाईच्या अहवालाबाबत तर तेवढीही सबब नाही. ब्रिटनमध्ये महागाई दोन टक्क्यांच्या उद्दिष्टापासून एका टक्क्याहून अधिक दूर गेली की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांना अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहावे लागते. मर्विन किंग यांनी एप्रिल २००७ मध्ये असे पहिले पत्र लिहिले, महासाथीनंतरच्या महागाईत अँड्र्यू बेली यांना ती एकामागून एक लिहावी लागली. अर्थमंत्र्यांचे उत्तरही त्यासोबत प्रसिद्ध होते. यातील कोणत्याही पत्राने पौंड कोसळला नाही. आपल्याकडे करावयाची दुरुस्ती जेमतेम दोन वाक्यांची आहे: बँकेचा अहवाल सरकारला मिळाल्यापासून चौदा दिवसांत प्रसिद्ध व्हावा, आणि उपायांपैकी जे सरकारच्या हाती आहेत त्यांविषयी अर्थमंत्र्यांनी तितक्याच मुदतीत लेखी उत्तर द्यावे. चौदा दिवसांची मुदत मी नव्याने सुचवत नाही, समितीच्या इतिवृत्तासाठी ती कायद्यात आहेच. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने या दोन्ही कागदांवर गव्हर्नरांना प्रश्न विचारावेत, तेही प्रक्षेपणासह.

या दुरुस्तीचा उपयोग महागाई भडकेल तेव्हाच होईल असे समजण्याचे कारण नाही. पट्ट्याला खालची मर्यादाही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के होती आणि खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी खाली होते. सलग तीन तिमाही सरासरी दोन टक्क्यांखाली राहिली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते तितकेच अपयश असते आणि बँकेला तोच अहवाल लिहावा लागतो. त्या अहवालाचा पहिला वाचक शहरातील ठेवीदार नसेल. शेतमालाचे भाव पडत असताना व्याजदर किती काळ चढा ठेवला आणि आयात-निर्यातीचे कोणते निर्बंध तेव्हाही उठवले गेले नाहीत, हे प्रश्न तूर, सोयाबीन आणि कांदा पिकवणारा विचारील, आणि त्याला आजच्या कायद्याने मिळणारे उत्तर २०२२ मध्ये मिळाले तेच असेल, की असा अहवाल जाहीर करण्याची तरतूद नाही.